परिषद लांबली

टाय कसा बांधायचा हे साऱ्या गावात एकट्या हायस्कूलच्या हेडमास्तरांनाच ठाऊक होतं. म्हणून मॉरिशसला निघायच्या आदल्या दिवशी सूर्यभानराव टाय घेऊन त्यांच्या घरी गेले आणि गाठ मारून घेतली. ती वाटेत सुटू नये म्हणून टाय गळ्यात तसाच ठेवून, खाली धोतर आणि सदरा, असे भर दुपारी बाजारपेठेतून चालत घरी आले.

"हे काय अडकवलंय गळ्यात?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"टाय हाय. आता परत येईस्तवर गाठ सोडायची न्हाई. नुसता ढिला करायचा आन् डोक्यावरनं काढायचा."

"आपल्या बैलाचं दावं बी आसंच काढत्यात," असं म्हणून मनकर्णाबाई पुन्हा दशम्या भाजायला लागल्या.

सूर्यभानराव श्रीरामपूरजवळच्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते. मॉरिशसला ऊस आणि साखर यांवर मोठी परिषद होती. कारखान्याचे चेअरमन आप्पासाहेब यांना जीपमध्ये बसलं तरी गरगरायचं, मग विमानाचं नाव कशाला? त्यांनी तीन संचालक पाठवायचं ठरवलं. सूर्यभानराव, त्यांचे शाळासोबती पुंजाराम आणि बन्सी. पुंजाराम बैठकीत झोपण्यासाठी प्रसिद्ध होते आणि बन्सी बैठकीला न येण्यासाठी. तिघांची दोस्ती मात्र अशी की एकाने विडी पेटवली तर दुसऱ्याच्या नाकातून धूर यावा.

सूर्यभानरावांना जायचा आनंद होताच, पण एक धाकधूकही होती. कारखान्याचा बॉयलर दरवर्षी उसाचं गळीत सुरू होण्याआधी पूजा करून पेटवत. त्या पूजेला एका संचालकाने बायकोसह बसायचं, हा मान पाळीपाळीने मिळे. यंदा कित्येक वर्षांनी पाळी सूर्यभानरावांची होती. मनकर्णाबाईंनी त्यासाठी येवल्याहून पैठणी आणवली होती. दोघं शेजारी शेजारी पाटावर बसलेले, समोर सारा तालुका, आणि नंतर तो फोटो कारखान्याच्या हपिसात कायमचा टांगलेला, हे चित्र सूर्यभानराव मनातल्या मनात रोज बघत होते.

"पूजेच्या आत याल ना?" बॅग भरताना मनकर्णाबाईंनी विचारलं.

"परिषद चार दिसाची. पूजेला आजून लई दिस हायेत."

"आन् तिथं समुद्र दिसंल का वो?"

"दिसंल का म्हंजे? चारी बाजूंनी समुद्रच हाय म्हनं."

"मग नीट बघून या. आल्यावर मला सांगा कसा आसतो ते." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "लग्नात म्हनला हुता, तुला मुंबईला न्हेऊन समुद्र दावतो."

"न्हेतो की!" सूर्यभानराव म्हणाले. लग्न झाल्यापासून ते हेच म्हणत होते, आणि म्हणताना दरवेळी खरंच मनापासून म्हणत होते.

परिषद झाली. तिथे प्रत्येकाच्या कानाला लावायला एक यंत्र होतं, त्यातून भाषण दुसऱ्या भाषेत ऐकू येई. पुंजारामांना ते फार आवडलं, कारण त्याने कान गरम राहत आणि झोप चांगली लागे. सूर्यभानरावांनी सगळी भाषणं टाय घालून, ताठ बसून ऐकली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिथला एक मराठी माणूस त्यांना भेटायला आला. त्याचे आजे-पणजे उसाच्या मळ्यांवर राबायला तिकडे गेलेले. तो जुन्या वळणाचं, गोड मराठी बोलत होता. त्याने तिघांना समुद्रावर नेलं.

तिघांनी बूट काढले, पँटी दुमडल्या आणि पाण्यात उभे राहिले. पाणी निळं, वाळू पिठीसारखी पांढरी.

"परत कवा येनार आपन हितं?" बन्सी म्हणाले.

"कवाच न्हाई," पुंजाराम म्हणाले. या परिषदेतलं त्यांचं हे एकमेव वक्तव्य.

"राहा ना मग," तो मराठी माणूस म्हणाला. "माझ्या घरी उतरा. सगळं बेट दाखवतो."

दोन दिवस राहावं असं ठरलं. पण मुंबईचं विमान आठवड्यातून एकदाच सुटायचं. म्हणजे राहायचं तर आठवडाभरच. सूर्यभानरावांनी बोटांवर हिशेब केला. पुढच्या विमानाने गेलं तरी पूजेच्या आदल्या दिवशी घरी पोचता येत होतं. ते ठाम नाही म्हणणार होते, तेवढ्यात एक लाट येऊन त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत चढली आणि त्यांचं 'नाही' वाहून गेलं.

आता घरी तार करायला हवी होती. तिघं पोस्टात गेले.

"तिघांनी एकच ल्ह्यायचं," सूर्यभानराव म्हणाले. "परिषद लांबली. म्हंजे घोळ न्हाई."

"माझ्या घरी ते चालायचं न्हाई," पुंजाराम म्हणाले. "आमची बनुबाई म्हनंल, ह्यो मानूस बैठकीत घटकाभर जागा ऱ्हात न्हाई, लांबलेल्या परिषदेत ह्याचं काय काम? मी आपलं पोट बिघडलं म्हनून कळवतो."

"पोटाचं कळवलं तर आमची आई गावभर अंगारा मागत फिरंल," बन्सी म्हणाले. "मी इमान बिघडलं म्हनतो."

"अरं पर आपल्या बायका भेटल्या तर?" सूर्यभानराव म्हणाले.

"तीन गावच्या तिघी. भेटतात कवा?"

सूर्यभानरावांना हे पटलं. तीन तारा गेल्या. बॉयलरच्या पूजेला सगळ्या संचालकांच्या बायका एकाच सतरंजीवर बसतात, हे त्या घडीला तिघांपैकी एकालाही आठवलं नाही.

मग आठवडाभर त्यांनी बेट पाहिलं. बागेतल्या तळ्यात परातीएवढी कमळाची पानं पाहिली. एका डोंगरावर सात रंगांची माती पाहिली, तेव्हा पुंजारामांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि "रंग झ्याक हायेत, पर बाजरी न्हाई यायची," असा निकाल दिला. विझलेला ज्वालामुखीही पाहिला. त्याच्या काठावरून खोल खाली बघत बन्सी म्हणाले, "थंड पडलेला बॉयलर आसाच दिसतो बगा," आणि सूर्यभानरावांनी पूजेचे दिवस पुन्हा बोटांवर मोजले.

रोज संध्याकाळी मात्र ते एकटेच समुद्रावर जाऊन बसत. मनकर्णा इथं असायला हवी होती, असं त्यांना वाटे. तिला हे कसं सांगायचं, याचे शब्द ते जुळवत. मग एकदम ध्यानात येई की परिषदेत बसलेल्या माणसाला हे सांगताच येणार नाही.

परत निघायच्या दिवशी विमान खरोखरच बिघडलं.

"मी काय कळवलं हुतं?" बन्सी मोठ्या आनंदाने म्हणाले. त्यांची तार खरी ठरली होती. सूर्यभानरावांनी मात्र विमानतळावरच्या बाकावर डोकं धरलं. विमान दोन दिवसांनी उडालं.

मुंबईहून गाडीत बसल्यापासून सूर्यभानराव खिडकीशी होते. श्रीरामपूर जवळ आलं तसा लांबून कारखाना दिसला. चिमणीतून धूर निघत होता. चांगला जाड, काळा, जोमदार धूर. पुंजाराम खूश झाले. "पेटला की वो बॉयलर!" सूर्यभानरावांच्या डोळ्यांत मात्र पाणीच आलं.

स्टेशनात उतरले तर समोर लेझीम, ताशा, हार घेऊन उभे असलेले आप्पासाहेब आणि कारखान्याचं अर्धं कामगारदळ. परिषद लांबल्याची तार पोस्टमास्तरांनी वाचली होती, आणि जगाचा साखरेचा प्रश्न सूर्यभानरावांना धरून ठेवल्याशिवाय सुटेना, असा तिचा अर्थ तालुक्याने लावला होता. बाकीच्या दोघांना एकेक हार मिळाला. सूर्यभानरावांचं नाकसुद्धा दिसेना इतके हार त्यांच्या गळ्यात पडले.

"आन् पूजा?" हारांच्या आतून त्यांनी विचारलं.

"लई ब्येस झाली," गहिनीनाथ म्हणाला. हा तिसगावकडच्या ऊसतोडणी टोळीचा मुकादम. "आमच्या गाड्या येऊन पडल्या हुत्या आण्णा, थांबायचं कसं? मग गुरुजी म्हनले, यजमान परदेशात आसला तर त्याच्या जागी सुपारी मांडत्यात. तुमच्या पाटावर तुमचा फेटा ठिवला, फेट्यात सुपारी. शेजारी वैनी. बॉयलर आसा पेटला म्हनता! दरसाली दोनदोनदा इझतो, औंदा एका काडीत. सुपारी लई गुनाची."

"खरं हाय," आप्पासाहेब म्हणाले. "फोटो लावलाय हपिसात."

फोटो सूर्यभानरावांनी पाहिला. पैठणी नेसलेल्या मनकर्णाबाई फोटोसाठी नीट हसल्या होत्या. शेजारी पाट, पाटावर फेटा, आणि फेट्याच्या मधोमध त्यांची जागा चालवणारी ती सुपारी.

घरी मनकर्णाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. पूजेबद्दल एक शब्द नाही. जेवण झाल्यावर मात्र विचारलं, "समुद्र बघितला का?"

सूर्यभानराव म्हणाले, "येळच कुठं हुता! सकाळी बैठक, दुपारी बैठक."

"व्हय, परिषदच लांबली म्हनल्यावर." मनकर्णाबाईंनी पँट धुवायला घेतली आणि तिची दुमडलेली टोकं उलगडली. सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्याशुभ्र वाळूचा लहानसा ढीग पडला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"वाळू कशाची वो?"

"बांधकाम चालू हुतं," सूर्यभानराव म्हणाले. "परिषदेच्या इमारतीचं."

"आसंल," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी केरसुणी आणली, वाळू भरली आणि बाहेर गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सूर्यभानरावांना रात्रभर वाटत राहिलं.

चार दिवसांनी कारखान्याच्या आवारात सत्कार झाला. पहिल्या रांगेत सतरंजीवर मनकर्णाबाई, पुंजारामांच्या बनुबाई आणि बन्सींच्या पत्नी छबूबाई अशा तिघी अगदी खेटून बसल्या होत्या. या तिघींची एवढी मैत्री कधी झाली, हे सूर्यभानरावांना कळेना. पण छबूबाईंनी तोंडाला पदर लावलेला पाहिला आणि बॉयलरच्या पूजेची सतरंजी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"परिषद लांबली ती कशापायी," आप्पासाहेब माइकवर म्हणाले, "ते आता खुद्द सूर्यभानरावांच्या तोंडून ऐकू."

सूर्यभानराव उठले. समोर तिघी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"परिषद लांबली ती... बायकांपायी!"

सभेत खसखस पिकली. बन्सींनी डोळे मिटून घेतले.

"म्हंजे महिलांच्या प्रश्नापायी," सूर्यभानरावांनी टाय ढिला केला. "समद्या देशांचं म्हननं पडलं की सहकारात बाईमानसाला मागं ठिवून चालायचं न्हाई. त्यांना बी परिषदांना धाडलं पायजे. त्यांना बी जग दावलं पायजे! ह्याच्यावर लई चर्चा झाली. रोज संध्याकाळी झाली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुंजाराम दचकून जागे झाले आणि सर्वांत जास्त टाळ्या त्यांनी वाजवल्या.

आप्पासाहेब हे उत्साही गृहस्थ. त्यांनी माइक हातात घेतला. "जगानं ठरवलंय, मग आपन मागं का? कोल्हापूरला सहकारी महिलांचा मेळावा भरतोय. आपल्याकडनं तीन भगिनी जातील!" कोणत्या तीन, ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी समोर पाहिलं आणि तिघींनी एकदम मान हलवली. "आन् सूर्यभानराव, तुमची पाळी हुकली त्याचं वाईट वाटून घिऊ नका. गाड्या मोजायचा नवा वजनकाटा बसतोय. मेळावा झाल्यावर त्याची पूजा. तिला जोडीनं तुमी बसा."

सूर्यभानरावांना आभाळ ठेंगणं झालं. एका थापेत बायको खूश, सभा खूश, आणि गेलेला पाट परत! त्यांनी नवा फेटा आणला, फोटोग्राफरला दोनदा सांगून ठेवलं, आणि मनकर्णाबाईंना एस.टी.त बसवायला स्वतः गेले.

"पूजेच्या आत येशील ना?" खिडकीपाशी उभं राहून त्यांनी विचारलं.

"मेळावा दोन दिसाचा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पूजेला आजून लई दिस हायेत."

हे वाक्य आपण कुठं तरी ऐकलंय, असं सूर्यभानरावांना वाटलं; पण तोवर एस.टी. सुटली होती.

पूजेच्या आदल्या दिवशी तिघं मित्र कारखान्याच्या हपिसात भेटले. तिघांचे चेहरे उतरले होते.

"आमच्या हिची तार आली," पुंजाराम म्हणाले. "पोट बिघडलंय."

"आमच्या हिची बी आली," बन्सी म्हणाले. "एस.टी. बिघडलीय."

दोघांनी सूर्यभानरावांकडे पाहिलं. त्यांनी खिशातली तार बाहेर काढलीच नाही. "मेळावा लांबला," ते खालच्या आवाजात म्हणाले.

भिंतीवरून फेट्यातली सुपारी तिघांकडे बघत होती.

"पर तारा तर रत्नागिरीच्या हायेत," बन्सी म्हणाले. "कोल्हापूरचा मेळावा रत्नागिरीपतूर कसा काय लांबला?"

"तिथं समुद्र हाय," सूर्यभानराव म्हणाले.

ते आप्पासाहेबांकडे गेले आणि पूजा पुढे ढकलण्यासाठी अजिजी केली. आप्पासाहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. "जुना काटा कालच काढून टाकलाय. त्यास्नी काय सांगू? आवो, तुमीच म्हनला ना, महिलांना परिषदांना धाडा? आता लांबला मेळावा. मोठ्या परिषदा लांबतातच."

दुसऱ्या दिवशी सूर्यभानराव नवा फेटा बांधून पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. गुरुजींनी झोळीतून एक खणाची पुरचुंडी काढली, सोडली आणि आतली सुपारी अलगद पाटावर ठेवली.

"ही कुठली?" सूर्यभानरावांनी विचारलं.

"बॉयलरच्या पूजेतलीच. वहिनींनी जपून ठेवली होती. निघायच्या आदल्या दिवशी घरी आणून दिली. म्हणाल्या, काट्याच्या पूजेला लागेल."

"निघायच्या आदल्या दिशी?"

"हो."

"आवो पर ही सुपारी म्हंजे मी हाय!"

"तेव्हा तुम्ही होता," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आज त्या आहेत. डोळ्यांना पाणी लावा."

गर्दीतून गहिनीनाथाचा आवाज आला, "आण्णा, जरा सरकून बसा, वैनीला जागा द्या!" आणि सारा तालुका हसला. सूर्यभानरावही हसले, कारण फोटोग्राफर समोर आला होता. हसता हसता त्यांना हपिसातला फोटो आठवला. पैठणी नेसून, सगळ्यांसमोर, एका सुपारीशेजारी बसून मनकर्णानं असंच हसू आणलं होतं, आणि तेही शेजारच्या बायकांकडून पोट आणि विमान ऐकून घेतल्यावर. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. गुरुजींनी सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारीला हळदकुंकू वाहिलं, आणि ते जरा जास्तच हळुवारपणे वाहिलं.

वजनकाटा पहिल्याच गाडीला बिनचूक चालला. सुपारी गुणाची, याबद्दल आता कुणालाच शंका उरली नाही.

मनकर्णाबाई आल्या त्या उन्हाने रापून, केस विस्कटलेल्या, आणि इतक्या आनंदात की एस.टी.तून उतरताना शेजारच्या अनोळखी बाईलाही त्यांनी "येते हां" म्हटलं. घरी आल्यावर सूर्यभानरावांनी त्यांना स्वतः पाणी दिलं. भाकरतुकडा मात्र ओवाळला नाही. तो कसा ओवाळतात ते त्यांना माहीत नव्हतं.

त्या दम खाऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, "समुद्र बघितला का?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत सारं निळं पाणी मावलेलं, पण चेहरा अगदी गंभीर.

"येळच कुठं हुता!" त्या म्हणाल्या. "सकाळी बैठक, दुपारी बैठक."

आणि त्यांनी पिशवीतून लुगडं काढून झटकलं. सारवलेल्या जमिनीवर काळसर, ओलसर वाळू सांडली. ती पसाभर तरी होती.

सूर्यभानरावांनी वाळूकडे पाहिलं.

"बांधकाम लई जोरात चालू आसंल तिथं," ते म्हणाले, आणि केरसुणी आणायला उठले.